मदत हवी आहे: शाकाहारी आईला तोक्योच्या शोकुदोत काय खाऊ घालू?

मंडळी, पुढच्या महिन्यात आई-बाबा आमच्याकडे तोक्योतल्या निशिकासाईला येताहेत. इथली भारतीय हॉटेलं आहेतच, पण दोघांनी एकदा तरी गल्लीतल्या शोकुदोत, म्हणजे साध्या जपानी खानावळीत, जेवावं अशी माझी फार इच्छा आहे. हजार येनच्या आसपास वाफाळता भात, मिसो सूप, लोणचं, वाटीभर भाजी आणि मुख्य पदार्थ, सगळं एका ट्रेमध्ये, आपल्या राइसप्लेटसारखं. बाबांची काळजी नाही. मीठ लावून भाजलेला साबा (बांगड्याच्याच जातकुळीतला) आणि शेजारी किसलेल्या मुळ्याचा ओलसर ढीग बघितला की ते खूश!

प्रश्न आईचा आहे. ती शुद्ध शाकाहारी. मिसो सुपात बहुतेक ठिकाणी माशाचं दाशी (उकळून काढलेलं पाणी), पालकाच्या भाजीत तेच, आणि गार तोफूवरही कात्सुओबुशी, म्हणजे सुकवलेल्या माशाचा कीस भुरभुरलेला. तिला नुसत्या भातावर बसवणं जिवावर येतं.

आमच्या एदोगावा वॉर्डाच्या आसपास कोम्बूचं, म्हणजे समुद्री शेवाळाचं, दाशी वापरणारी घरगुती शोकुदो कुणाला माहीत आहे का? आदल्या दिवशी फोन केला तर मालक वेगळं करून देतात का? आणि जपानीत नेमकं काय सांगायचं, तेही कुणीतरी लिहून द्या, प्लीज.