नळाचं पाणी पिण्यालायक नव्हतं तेव्हा : तुमच्या घरी काय केलंत, काय चुकलं?

गेल्या वर्षी सलग सतरा दिवस आमच्या नळाला पिवळसर, कुबट वासाचं पाणी येत होतं. उकळून प्यायचं एवढं माहीत होतं आणि पहिल्या दिवसापासून आम्ही उकळतही होतो. तरी चौथ्या दिवशी मुलीला जुलाब सुरू झाले, पाठोपाठ सासऱ्यांना. मला काही सुचेना. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "उकळलेलं पाणी ठेवता कशात, आणि काढता कसं?"

घरी येऊन ओट्याशी उभी राहिले आणि पाहिलं. रुंद तोंडाचं पातेलं, वर ताटली. ज्याला तहान लागेल तो येऊन पेला बोटांसकट पाण्यात बुडवतोय. शिवाय ते पातेलं मी रोज सकाळी नळाच्याच पाण्याने विसळून त्यात उकळलेलं पाणी ओतत होते. उकळण्याचे सगळे कष्ट त्या पातेल्यापाशी वाया जात होते.

त्या दिवसापासून ज्यात उकळायचं त्यातच झाकून गार होऊ द्यायचं आणि त्यातच ठेवायचं, असं ठरवलं. लांब दांड्याचं ओगराळं खिळ्याला टांगलं, ते दुसऱ्या कशालाही वापरायचं नाही. पुढे तोटीचं पिंप आणलं. आणखी एक चूक म्हणजे तळाशी बुडबुडे दिसले की मी गॅस बंद करायचे. पाणी खळखळून उकळायला हवं आणि तसं १ मिनिट राहायला हवं. समुद्रसपाटीपासून २,००० मीटरहून उंचावर राहत असाल तर ३ मिनिटं, कारण तिथे पाणी कमी तापमानालाच उकळतं.

हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर पोरीचे हाल वाचले असते. म्हणून हा धागा. जे चुकलं ते आवर्जून लिहा, त्याचाच दुसऱ्याला जास्त उपयोग होतो.

*

माझा अनुभव अगदी उलट आहे, म्हणून लिहिते. आमच्या नळाला बोअरचं पाणी, दिसायला काचेसारखं स्वच्छ. बाळ दोन महिन्यांचं, वरच्या दुधावर. जंतूंची भीती म्हणून मी पाणी दहा-दहा मिनिटं उकळून त्यात पावडर कालवायचे. एके दिवशी बाळाच्या ओठांभोवती निळसर छटा दिसली. दवाखान्यात गेल्यावर पहिला प्रश्न पाण्याचाच आला. तपासून घेतलं तर नायट्रेट खूप जास्त निघालं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम आहे, आमचं त्याच्या कितीतरी वर होतं.

नायट्रेट उकळून जात नाही. वाफ उडते, पाणी आटतं आणि नायट्रेट मागे उरतं, म्हणजे मी ते वाढवतच होते. आर्सेनिक, फ्लोराइड, शिसं यांचंही तसंच. बाळ आता ठणठणीत आहे. पण पाण्यात नेमकं काय बिघडलंय हे कळल्याशिवाय उपाय ठरवू नका, एवढं कळकळीने सांगते. घरात तान्हं मूल असेल तर आधी प्रयोगशाळेतून तपासणी करा.

*

आमच्याकडे पिण्याचं पाणी उकळलेलंच होतं, पण दात घासायचा पेला नळाखाली भरला जायचा. फ्रिजमधला बर्फही बिघाडाच्या आधीच्या रात्री नाही, तर त्याच दिवशी लावलेला होता हे पाचव्या दिवशी ध्यानात आलं. आता पाणी बिघडल्याचं कळलं की मी पहिल्यांदा बर्फाचा ट्रे रिकामा करतो आणि बेसिनच्या नळाला फडकं बांधतो. फडकं दिसलं की हात आपोआप थांबतो.

*

मी इमारतीच्या पाण्याचं काम बघतो. पाणी ठरावीक तासच येत असेल त्यांनी हे नक्की वाचा.

पाणी बंद झालं की रस्त्याखालची लाइन रिकामी होते, आतला दाब जातो. तिला कुठे चीर असेल आणि शेजारून गटार जात असेल तर ती घाण आत ओढली जाते. पुढच्या वेळी पाणी सुटलं की सगळ्यात आधी तीच नळाला येते. म्हणून आम्ही सुरुवातीचं पाणी टाकीत घेत नाही. बादल्यांत धरतो आणि फरशीला वापरतो. पाणी निवळ दिसायला लागलं की मगच व्हॉल्व्ह उघडतो.

आमच्या इथे चार घरांत एकाच आठवड्यात पोटं बिघडली. एकांनी टीडीएस मीटर आणून दाखवला, आकडा उत्तम. पण तो मीटर विरघळलेले क्षार मोजतो, जंतूंचं त्याला काही कळत नाही. मग आम्ही एचटूएसच्या बाटल्या आणल्या. त्यात पाणी भरून ठेवायचं, मैल्याचा संसर्ग असेल तर दिवस-दोन दिवसांत ते काळं पडतं. रस्त्यावरून येणाऱ्या पाण्याची बाटली जशीच्या तशी राहिली आणि जमिनीखालच्या टाकीची काळी झाली. टॉर्च घेऊन उतरलो. झाकणाच्या कडेचं सिमेंट बोटभर सुटलेलं, त्याला लागूनच सांडपाण्याचं चेंबर, आणि भिंतीवरून ओल्या रेघा थेट खाली गेलेल्या. त्या रेघा मी विसरू शकत नाही, कारण ते झाकण दोन महिने मी रोज ओलांडत होतो.

टाकी उपसली, घासली, झाकण बसवलं. आता दर आठवड्याला शेवटच्या मजल्यावरच्या नळाला क्लोरिन तपासतो. लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक असेल तर वाटेत कुठे घाण मिसळलेली नाही, असा थोडा भरवसा वाटतो.

*

पुरानंतर आमच्याकडे सहा दिवस वीज नव्हती आणि इंधनही पुरवून वापरायचं होतं. यूव्हीचा, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारा प्युरिफायर नुसता भिंतीवर होता. वीज असती तरी उपयोग नव्हता, गढूळ पाण्यात जंतू मातीच्या कणांआड लपतात.

आधी पाणी स्थिर ठेवलं, तुरटी फिरवली. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. वरचं पाणी जुन्या सुती साडीच्या चार घड्यांतून गाळलं. हे साधं वाटतं, पण बांगलादेशात शास्त्रज्ञ रीटा कॉलवेल आणि सहकाऱ्यांनी अशा घडी घातलेल्या साडीने पाणी गाळायला लावून पाहिलं, तेव्हा पटकीचं (कॉलऱ्याचं) प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. २००३ साली ते प्रसिद्ध झालं. पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक जिवांना चिकटून असतात, ते जीव कापडात अडकतात.

नुसतं गाळून भागत नाहीच. मग क्लोरिन. ५-६ टक्क्यांचं, वास किंवा साबण न मिसळलेलं साधं ब्लीच, लिटरला २ थेंब, ढवळून ३० मिनिटं झाकून ठेवायचं. पाणी गढूळच असेल तर ४ थेंब. ती ३० मिनिटं घड्याळ लावून मोजायची, तहानलेल्या मुलांसमोर ती फार लांब वाटतात. आईला त्या वासाने पाणी घोटवेना. अर्ध्या तासानंतर दोन धुतलेल्या भांड्यांतून चार-पाच वेळा वरून खाली ओतलं की वास पुष्कळ कमी होतो, मग ती प्यायली.

ब्लीच संपल्यावर पारदर्शक प्लास्टिकच्या बाटल्या निवळ पाण्याने भरून छपरावर आडव्या ठेवल्या. कडक उन्हात ६ तास, ढगाळ असेल तर सलग २ दिवस. बाटली २ लिटरपेक्षा मोठी नको.

*

वरच्या ताईंच्या क्लोरिनला एक पुरवणी. माझ्या यजमानांची केमोथेरपी चालू होती तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं की नुसत्या क्लोरिनवर राहू नका. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी त्याला दाद देत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात तो शुद्धीकरण केंद्रातून निसटून नळात आला आणि सुमारे ४ लाख लोक आजारी पडले. प्रतिकारशक्ती कमी झालेल्यांना तो जिवावर बेततो. उकळल्यावर मात्र मरतो. आठ महिने यांच्या पाण्याचं पिंप वेगळं होतं, त्याला माझ्याशिवाय कुणी हात लावत नसे.

*

लेन्स वापरणाऱ्यांनी आणि नाक धुणाऱ्यांनीही लक्ष द्यावं. लेन्सला नळाचं पाणी कधीच लावू नका, अगदी चांगल्या दिवसांतही. नाकासाठी उकळून गार केलेलंच घ्या. माझ्या डोळ्याला झालेला संसर्ग बरा व्हायला पाच महिने लागले.

*

सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, फार बरं वाटलं. टाकीच्या झाकणाचं वाचून काल रात्री झोप लागली नाही. आमचे ते सतरा दिवस रस्त्यावरच्या लाइनमुळे होते असं आम्ही धरून चाललो होतो, टाकी उघडून कुणीच पाहिली नव्हती. आज सकाळी मी आणि शेजारच्या काकू टॉर्च घेऊन गेलो. झाकण घट्ट आहे. पण ओव्हरफ्लोच्या पाइपाला जाळी नाही, आणि आत पाण्यावर एक पीस तरंगत होतं. दुपारी प्लंबर येतोय, दोन नमुने तपासणीला देऊन ठेवलेत. निकाल आला की इथेच लिहीन.