फी माफ, पण पुढं काय?
कुणीतरी लिहिलंय की जर्मनीत शिक्षण फुकट, म्हणून तिथं गरीब-श्रीमंत फरक पडत नाही. अर्धंच खरं आहे. सरकारी विद्यापीठात फी जवळपास नाही, मान्य. पण तिथल्या बहुतेक राज्यांत चौथीनंतरच, म्हणजे दहाव्या वर्षी, पोरं वेगवेगळ्या शाळांत वाटली जातात. विद्यापीठाची सरळ वाट गिम्नाझियम नावाच्या शाळेतून. माझा मामेभाऊ स्टुटगार्टला असतो. पोरगी चौथीत गेली तशी घरात दहावीचं वर्ष असल्यासारखं वातावरण! त्यानं शिकवणी लावली. ज्याला परवडत नाही त्यानं काय करायचं?

आमचे वडील राधानगरीकडच्या खेड्यातले. कॉलेजची फी माफ होती, पण कोल्हापुरात राहायचं कुठं? दसरा चौकातल्या बोर्डिंगात, म्हणजे विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात, जागा मिळाली म्हणून शिकले. गावाकडनं एसटीनं डबा यायचा, पावसाळ्यात गाडी चुकली की भाकरीला बुरशी. शाहू महाराजांनी १९०२ मध्ये संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या, हे सगळे सांगतात. त्याच्या आधी, १९०१ पासूनच त्यांच्या पुढाकारानं अशी बोर्डिंगं उभी राहायला लागली होती, ते कुणी सांगत नाही. मला तर तेच जास्त मोठं वाटतं.