आरसीसीबी सारखा पडतोय: अमळनेरचं जुनं घर

नमस्कार मंडळी,
अमळनेरला आमचं जुनं धाब्याचं घर आहे. आई-आबा तिथेच राहतात. उन्हाळ्याआधी आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवून घेतला, पण कूलर लावला की तो पडतो, म्हणजे आपोआप बंद होतो. वायरमन म्हणतो, "जुन्या घराला हे चालत नाही, काढून टाकू." इतक्या लांबून काय ठरवू?

ताई,
काढू देऊ नका. आबांना आजच फोन करा.

फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो का, एवढंच आरसीसीबी बघतो. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरच्या आतल्या फरकाला पडतो. तो पडतोय म्हणजे करंट दुसऱ्या वाटेने चाललाय. आई ओला हात कूलरच्या पत्र्याला लावेल तेव्हा ती वाट तिच्या अंगातून जायला नको.

आधी कूलर. पंपाचा स्विच बंद ठेवून नुसता पंखा चालवा. आरसीसीबी टिकला तर बहुधा पंपच. त्याची वायर पत्र्याच्या कडेला घासून सोलवटते. तपासताना पिन काढलेली हवी, आबांनी स्वतः हात घालायचा नाही.

दुसऱ्या खोलीतही पडत असेल तर दोष बहुधा भिंतीतल्या वायरींत आहे. आपल्याकडे घरं वाढत गेली, तशा वायरी वाढल्या. मागची खोली बांधली की फेज एका बोर्डातून, न्यूट्रल जवळ सापडला तिथून. वर्षानुवर्षं दिवे लागतात, कुणाला कळत नाही. असा न्यूट्रल आरसीसीबीला चुकवून परत जात असेल, तर आरसीसीबी आला की पहिल्या दिवशी कळतं. पाचोऱ्याला आमच्या काकांच्या घरी एक सॉकेट उघडलं, तर अर्थच्या स्क्रूपासून न्यूट्रलपर्यंत बोटभर वायरचा तुकडा टाकलेला. "अर्थिंग दिलं" म्हणून! मागे कुठे न्यूट्रल तुटला असता तर कूलर-फ्रिजच्या पत्र्यावर २३० व्होल्ट आले असते. त्याच बोर्डात जुन्या अॅल्युमिनियमच्या वायरीला नवी तांब्याची वायर पिळून जोडलेली होती. असा जोड सैल पडून तापतो. त्यावरची टेप कोळशासारखी झाली होती.

अर्थिंगही मोजून घ्या. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, इलेक्ट्रोडभोवतीची ओल जाते आणि नेमकं कूलर चालायच्या दिवसांत अर्थिंग कमकुवत होतं.

काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या. त्याला स्पष्ट सांगा: मेन बंद करून, उपकरणं काढून ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरीचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र) प्रत्येक सर्किट तपास, किमान १ मेगाओम हवा. प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल वेगळा कर. स्विच फेजवरच हवा, नाहीतर बटण बंद असूनही होल्डरमध्ये करंट राहतो. दिव्यांना १.५ आणि १६ अँपिअरच्या सॉकेटला २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर. आणि दिव्यांच्या १.५ च्या वायरीवर कुणी ३२ अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) लावलेला दिसला तर तो आधी बदला; वायर जळेल तरी तो पडणार नाही.

दादा,
आबांशी बोलले. पंप बंद ठेवला तर टिकतो. पण मागच्या खोलीतला ट्यूबलाइट लावला की पुन्हा पडतो.

ताई,
म्हणजे दोन दोष आहेत. पंप बदलेपर्यंत कूलरची पिन काढूनच ठेवा. मागच्या खोलीचा न्यूट्रल कुठून आलाय ते ठेकेदाराला आधी शोधायला लावा. मेन बंद करून बोर्ड उघडला की फोटो पाठवा, बघून सांगतो.