वज्रलेप किती वेळा? झिजणाऱ्या पाषाणमूर्ती आणि अभिषेकाचा प्रश्न

पाषाणवेडा
पंढरपूरच्या विठ्ठलमूर्तीवर १९८८, २००५, २०१२ आणि २०२० असे चार वेळा लेप झाले. कोल्हापूरच्या अंबाबाईवर १९५५ मध्ये वज्रलेप (झीज रोखायला देतात तो कडक लेप) झाला आणि २०१५ मध्ये पुन्हा रासायनिक संवर्धन करावं लागलं. झीज कशाने होते ते तसंच चालू ठेवायचं आणि वरून लेप देत राहायचं, हे मला पटत नाही. मूळ मूर्तीवरचा पंचामृताचा अभिषेक कायमचा थांबवावा आणि तो उत्सवमूर्तीवर (मिरवणुकीसाठीच्या वेगळ्या मूर्तीवर) करावा.

दूध जवळपास उदासीन असतं, त्याचा सामू (pH; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ६.६ च्या आसपास. दह्याचा ४ ते ४.५, मध बहुतेकदा त्याहूनही आम्लधर्मी. खरी अडचण ओतल्यानंतरची आहे. वस्त्राच्या चुण्या, मेखला, कानातली कुंडलं यांच्या खाचांत पंचामृत अडकतं आणि तिथेच आंबत राहतं. तुपाचा थर गार पाण्याने जात नाही, मग गरम पाणी, लिंबू आणि जोर लावून घासणं येतं. नाक, ओठ, बोटं असे पुढे आलेले भाग आधी गुळगुळीत होतात ते या घासण्यानेच.

आगमवाचक
स्पष्ट विरोध. स्नान हा सोळा उपचारांतला एक उपचार आहे. ज्या मूर्तीची प्राणप्रतिष्ठा झाली तिला तो नाकारायचा, तर गाभारा आणि वस्तुसंग्रहालय यांत फरक काय राहिला?

आणि लेप म्हणजे आजची पळवाट असल्यासारखं बोलू नका. वराहमिहिराने बृहत्संहितेत वज्रलेपाची कृतीच दिली आहे. कच्चं टेंभुर्णीचं फळ, कच्चं कवठ, सावरीची फुलं, सालईच्या बिया, धामणीची साल आणि वेखंड एक द्रोण (जुनं मोठं माप) पाण्यात उकळायचं, आठवा भाग उरला की उतरवायचं. त्यात गुग्गुळ, बिब्बा, राळ, जवस, बेल वगैरे घालून कल्क (घट्ट लगदा) करायचा आणि तो तापलेला असतानाच लावायचा. मंदिरं, लिंगं, प्रतिमा, भिंती, विहिरी, सगळ्यांसाठी. म्हणजे झीज होणार हे जुन्या लोकांनी गृहीत धरलं होतं आणि पूजा न थांबवता त्यावर उपायही ठेवला होता.

रसायनवाला
आगमवाचक, तो राळ-डिंकाचा लेप आणि आज 'वज्रलेप' म्हणून लावतात ते इपॉक्सी (कृत्रिम राळ) या दोन वेगळ्या वस्तू आहेत. इपॉक्सी दोन घटक मिसळून लावतात, साधारण दिवसभरात कडक होतं. दगडापेक्षा ते उष्णतेने कितीतरी जास्त प्रसरण पावतं, उष्णतेने आणि उजेडाने हळूहळू पिवळं पडतं, आणि मुख्य म्हणजे दगडातली ओल बाहेर पडू देत नाही. ओल आत कोंडली की क्षार लेपाच्या मागे जमतात आणि पापुद्रा सुटतो. सुटताना दगडाचा वरचा थर सोबत घेऊन जातो. पुढच्या वेळी लेप काढायला गेलं की पुन्हा तेच.

दगड भुसभुशीत झाला असेल तर इथाइल सिलिकेट बरं. ते आत मुरून कणांना धरून ठेवतं आणि छिद्रं बुजवत नाही. पण ते हवेतल्या ओलाव्याने हळूहळू पक्कं होतं, तीन-चार आठवडे लागतात आणि तोवर मूर्तीवर पाण्याचा थेंब चालत नाही. देवस्थान देतं दोन रात्री! म्हणून इपॉक्सी येतं. पॅरालॉइड बी-७२ (ॲक्रिलिक राळ) ॲसिटोनने परत काढता येतं, पण ४० अंशांच्या आसपास मऊ पडतं. उन्हाळ्यातल्या गर्दीच्या गाभाऱ्यात त्यावर धूळ आणि बुक्का चिकटून बसणार.

संगमरवराची गोष्ट तर निराळीच. तो मुळात कॅल्शियम कार्बोनेट, दही-लिंबू थेट खातं. काळ्या बेसाल्टवर आम्लाचा परिणाम त्यामानाने बराच कमी. त्यामुळे आधी दगड कोणता ते ठरवा, मग अभिषेकाबद्दल बोला.

चंद्रभागाकाठ
पाषाणवेडा यांचा उपाय पंढरपूरला लागू पडत नाही. तिथे प्रश्न पायांचा आहे. पदस्पर्श दर्शनात प्रत्येक जण पायांवर हात फिरवतो, डोकं टेकवतो. हाताचा घाम, कपाळाचं तेल, बुक्का आणि त्यातली बारीक रेती. अभिषेक उद्या उत्सवमूर्तीवर नेला तरी ही झीज तशीच राहणार. आणि पदस्पर्श बंद करा म्हणाल, तर इतकं चालून आलेल्या वारकऱ्याला काय सांगणार? पायांपुरता लेप हवाच, आणि ठरावीक काळाने हवा. देव झिजला तर भक्तांच्या हाताने झिजला, यात मला अपमान दिसत नाही.

पूर्वकिनारा
अभिषेक हलवणं म्हणजे परंपरा मोडणं, हे मात्र खरं नाही. पुरीला जगन्नाथाच्या मूर्ती लाकडी आणि रंगवलेल्या. रोजचं स्नान आरशातल्या प्रतिबिंबाला घालतात. प्रत्यक्ष मूर्तींना स्नान ज्येष्ठ पौर्णिमेला, १०८ घडे पाण्याचं, आणि त्यानंतर सुमारे पंधरा दिवस दर्शन बंद ठेवून नव्याने रंगकाम. श्रीरंगमचा मूळ रंगनाथ चुन्याच्या गिलाव्याचा, त्याला पाणी नाही, तैललेप लागतो. वैखानस या वैष्णव आगमपरंपरेत तर पाच बेरांपैकी (मूर्तींपैकी) एक स्नपनासाठीच, म्हणजे स्नानासाठीच, वेगळं असतं.

आगमवाचक
लाकूड आणि गिलाव्याचे दाखले पाषाणाला कसे लावता? उज्जैनचं पाहा. महाकालाच्या झिजेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथेही अभिषेक बंद झाला नाही, मोजका झाला. २०१७ मध्ये ठरलं ते असं: भक्तामागे अर्धा लिटर आरओचं (यंत्राने शुद्ध केलेलं) पाणी, सव्वा लिटरपर्यंत दूध किंवा पंचामृत, भस्म आरतीच्या वेळी लिंग कोरड्या सुती कापडाने झाकायचं. २०२० च्या निकालात भक्तांना लिंग घासायला मनाई केली. हा मार्ग मला मान्य आहे.

पाषाणवेडा
घासण्यावरची मनाई हाच त्यातला कळीचा भाग, त्यावर आपलं एकमत दिसतंय. पण सव्वा लिटर एका भक्तामागे! शंभर भक्त आले की सव्वाशे लिटर झालं. देवाला एकच अभिषेक, संस्थानच्या पुजाऱ्याच्या हातून दिवसातून एकदा, एवढीच मर्यादा मी मानेन. बाकी सगळ्यांचा संकल्प उत्सवमूर्तीवर. आणि अभिषेकानंतर लिंबू नाही, ब्रश नाही. कोमट पाणी आणि मऊ सुती कापड, खाचांत कापसाचा बोळा, तोही घासायचा नाही, टेकवून टिपायचा.

रसायनवाला
त्यात एक भर. गाभाऱ्यात वातानुकूलन असेल तर ते पूजेनंतर बंद करू नका. बंद केलं की गार झालेल्या दगडावर गर्दीच्या श्वासातलं बाष्प धरतं आणि मूर्ती रात्रभर ओली राहते.

चंद्रभागाकाठ
आणि पायांचं? त्यावर अजून कुणी बोललेलं नाही. २०२४ मध्ये गाभाऱ्याच्या कामासाठी पदस्पर्श बंद ठेवून मुखदर्शन चालू होतं, म्हणजे गरज पडली तर तसं करता येतं. मग इथाइल सिलिकेटला लागणारे तीन-चार आठवडे तशीच सोय करून का मागू नयेत? आषाढी-कार्तिकी सोडून वर्षात तेवढी मोकळी जागा निघते. त्यासाठी वारकऱ्यांना विचारा, ते नाही म्हणणार नाहीत.