पाचट आणि पिवळा खोडवा

‘पाचट (ऊस तोडल्यावर रानात राहिलेला वाळका पाला) ठेवलं की खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणारं पीक) पिवळा पडतो, म्हणून बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी-निपाणीकडं ते पेटवतात’ असं म्हणतात, ते अर्धंच खरं. पाचट कुजवणारे जिवाणू जमिनीतला नत्र (नायट्रोजन) आधी खातात, म्हणून पिवळेपणा. टनभर पाचटावर 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट विस्कटा, किलोभर पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक शेणकाल्यातून शिंपडा आणि लगेच पाणी सोडा. त्याआधी बुडखे जमिनीलगत छाटा, त्यांच्यावरचं पाचट सरीत ओढा. नाहीतर फुटवा गुदमरतो आणि बोल पाचटाला.

अथणी-रायबागच्या कृष्णाकाठच्या काळ्या रानात मात्र एक आड एक सरीच भरा. तिथं पाणी तुंबलं की युरियातला काही नत्र नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट तापवतो, म्हणजे पाचट न जाळून वाचवलेल्यातलं थोडं तिथंच घालवलं.