टेड केनेडींच्या चरित्रात चॅपाक्विडिकला किती ओळी द्याव्यात?

प्रश्न

विसाव्या शतकातील राजकारण्यांची अल्पचरित्रे लिहिण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. प्रत्येक नोंदीला 300 शब्दांची मर्यादा आहे, आणि मी एडवर्ड ऊर्फ टेड केनेडी यांच्यापाशी अडलो आहे. 1962 पासून 25 ऑगस्ट 2009 रोजी मेंदूच्या कर्करोगाने मृत्यू येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ 47 वर्षे, ते अमेरिकेच्या सिनेटमध्ये मॅसॅच्युसेट्सचे प्रतिनिधी होते. 1965 चा स्थलांतरविषयक कायदा, 1990 चा अपंगांच्या हक्कांचा कायदा, 1993 चा कौटुंबिक रजेचा कायदा आणि 1997 मधील मुलांच्या आरोग्यविम्याची योजना, या सगळ्यांमागे त्यांचे कष्ट आहेत. या यादीसमोर 18 जुलै 1969 च्या रात्रीचे काय करायचे, हे मला ठरवता येत नाही. सध्या मी एवढेच लिहिले आहे: “1969 मध्ये चॅपाक्विडिक बेटावर झालेल्या मोटार अपघातात एका तरुणीचा मृत्यू झाला व या प्रकरणाचे सावट त्यांच्या कारकिर्दीवर कायम राहिले.” माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या मते हेही जास्त आहे, कारण माणूस गेल्यावर त्याचे खासगी आयुष्य उकरू नये. मला मात्र हे वाक्य कमी वाटते, पण नेमके काय कमी आहे ते सांगता येत नाही.

प्रतिसाद 1

तुमच्या वाक्यात कर्ता नाही, म्हणून ते कमी वाटते. अपघात “झाला”, मृत्यू “झाला”, सावट “राहिले”. केनेडींनी काही केले असे त्यात कुठेच येत नाही. मोटार ते स्वतः चालवत होते. ती डाइक ब्रिजवरून पाण्यात उलटली, ते बाहेर पडले आणि सोबतची तरुणी, मेरी जो कोपेक्नी, आतच राहिली. त्यानंतर ज्या घरातील मेजवानीतून ते दोघे निघाले होते तेथे ते पायी परतले, आपला मावसभाऊ आणि एक मित्र अशा दोघांना घेऊन पुन्हा पुलापाशी आले, आणि त्या दोघांनी पाण्यात बुड्या मारून पाहिल्या. ते दोघेही वकील होते, तरीही पोलिसांना कोणीच कळवले नाही. मग केनेडी खाडी पोहून पलीकडच्या एडगरटाउन गावी गेले आणि पहाटे 2 वाजून 25 मिनिटांनी हॉटेलच्या माणसाला त्यांनी वेळ विचारली. मी हा सगळा तपशील वाचला तेव्हा या एका प्रश्नापाशी फार वेळ थांबलो, कारण ज्याला वेळ विचारता येते त्याला मदतही मागता येते. पोलीस ठाण्यात ते पोहोचले सकाळी दहाच्या सुमारास, आणि तोपर्यंत मासेमारीला आलेल्या दोघांना मोटार दिसलेली होती.

मृतदेह बाहेर काढणाऱ्या पाणबुड्याचे ठाम मत होते की मोटारीत हवा साठून राहिली होती आणि वेळीच बोलावणे आले असते तर ती वाचली असती. वैद्यकीय अधिकाऱ्याने मात्र बुडून मृत्यू असा निष्कर्ष दिला आणि शवविच्छेदन झालेच नाही, त्यामुळे या दोन मतांतला निवाडा आता होणे नाही. तुम्हीही तो करू नका. पण पोलिसांना कळवायला सुमारे दहा तास लागले, हे वादातीत आहे आणि ते नोंदीत आलेच पाहिजे.

प्रतिसाद 2

वरील प्रतिसादातील तथ्ये मला मान्य आहेत, परंतु एका रात्रीने 47 वर्षे झाकली जाऊ नयेत असे मला मनापासून वाटते. या घटनेनंतर दोनच वर्षांनी, ऑगस्ट 1971 मध्ये, केनेडी पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या भारतातील छावण्यांमधून फिरले आणि परत जाऊन स्वतःच्याच सरकारच्या धोरणाविरुद्ध सिनेटमध्ये उभे राहिले. फेब्रुवारी 1972 मध्ये त्यांनी ढाका विद्यापीठात, पाकिस्तानी लष्कराने तोडलेल्या वडाच्या जागी, नवा वड लावला. चॅपाक्विडिकनंतर त्यांनी राजकारण सोडले असते तर हे काम दुसऱ्या कोणी केले असते, असे मला म्हणवत नाही. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनीही सारे ठाऊक असून 1970 मध्ये सुमारे 62 टक्के मते देऊन त्यांना निवडून दिले, आणि पुढे आणखी सहा वेळा दिले. त्या निर्णयाला काही किंमत आहे की नाही?

प्रतिसाद 3

मतदारांच्या निर्णयाला किंमत आहेच. पण त्यांनी सिनेटर निवडला, कोपेक्नी कुटुंबाच्या वतीने क्षमा केली नाही. तो अधिकार त्यांच्याकडे नव्हता.

माझा मूळ आक्षेप “खासगी” या शब्दाला आहे. विवाहबाह्य संबंध, मद्यपान, घरातील कलह यांना खासगी म्हणता येईल, आणि माणूस गेल्यावर त्यांवर पांघरूण घालावे, हे मलाही पटते. पण येथे एक माणूस मेला, पोलीस आले, न्यायालय बसले. 25 जुलै 1969 रोजी केनेडींनी अपघातस्थळ सोडून गेल्याचा गुन्हा कबूल केला. त्यांना दोन महिन्यांची शिक्षा झाली आणि ती स्थगितही झाली. न्यायालय देऊ शकेल त्यापेक्षा मोठी शिक्षा ते भोगत आहेत आणि यापुढेही भोगतील, अशा आशयाचे उद्गार न्यायाधीश जेम्स बॉइल यांनी त्या दिवशी काढले. पुढच्या वर्षी याच बॉइल यांनी मृत्यूच्या चौकशीत, केनेडींनी निष्काळजीपणे मोटार चालवली असे मानायला सबळ कारण आहे आणि त्याचा या मृत्यूला हातभार लागलेला दिसतो, असे लिहिले. तरीही पुढे खटला उभा राहिला नाही. नाव नसलेल्या माणसाच्या बाबतीत हे असेच घडले असते का, हा प्रश्न कायद्याचा आणि सत्तेचा आहे; त्यात खासगी काहीच नाही.

एका पारड्यात ती रात्र आणि दुसऱ्यात 47 वर्षांचे काम, ही तराजूची कल्पनाही मला पटत नाही. तराजूत एकीकडचे वजन दुसरीकडच्याला उचलते, आणि येथे तसे होत नाही. मेरी जोचा जन्म 26 जुलै 1940 चा होता. बुडाली तेव्हा एकोणतिसाव्या वाढदिवसाला आठ दिवस उरले होते. अपंगांच्या हक्कांच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली ती 26 जुलै 1990 रोजी, म्हणजे ज्या दिवशी ती पन्नास वर्षांची झाली असती त्या दिवशी. तो कायदा ज्या समितीतून आला तिचे अध्यक्ष केनेडी होते. या योगायोगाला मी कोणताही अर्थ चिकटवत नाही. कायद्याने लाखो लोकांचे जगणे बदलले, आणि त्याने त्या मोटारीचे दार उघडले नाही. दोन्ही पूर्ण लिहा. बेरीज-वजाबाकी करू नका.

प्रतिसाद 4

एक मुद्दा राहून गेला आहे. त्या रात्रीची किंमत सार्वजनिक कामालाही मोजावी लागली. जानेवारी 1971 मध्ये त्यांचे सिनेटमधील पक्षप्रतोदपद गेले, 1980 मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्याविरुद्धच्या पक्षांतर्गत उमेदवारीत हाच प्रश्न पुनःपुन्हा उभा राहिला, आणि 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयासाठी नाव सुचवलेल्या क्लॅरेन्स थॉमस यांच्या सुनावणीत, त्यांच्यावर लैंगिक छळाचा आरोप करणाऱ्या अनिता हिल साक्ष देत असताना, समितीत बसलेले केनेडी जवळजवळ गप्प राहिले. एरवी त्यांचा आवाज त्या सभागृहात सर्वांत मोठा होता. त्यामुळे काम वेगळे आणि प्रकरण वेगळे, अशी वाटणीही तितकीशी सोपी नाही.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे आभार. “सावट” हा शब्द मी काढला आहे, आणि “एका तरुणीचा” हेही, कारण जिला नाव आहे तिचे नाव न लिहिणे ही माझीच चूक होती. टेड यांचे बंधू रॉबर्ट केनेडी यांच्या 1968 च्या प्रचारात तिने काम केले होते, हेही घेतले आहे. आता मजकूर असा आहे: “18 जुलै 1969 च्या रात्री केनेडी चालवत असलेली मोटार चॅपाक्विडिक बेटावरील पुलावरून पाण्यात कोसळली. ते बाहेर पडले. रॉबर्ट केनेडींच्या प्रचारात काम केलेली 28 वर्षांची मेरी जो कोपेक्नी आत अडकून मरण पावली. केनेडींनी सुमारे दहा तास पोलिसांना कळवले नाही. अपघातस्थळ सोडल्याचा गुन्हा त्यांनी कबूल केला व त्यांना दोन महिन्यांची स्थगित शिक्षा झाली.” यासाठी जागा हवी म्हणून त्यांच्या वक्तृत्वावरची दोन वाक्ये मी गाळली, कायदे सगळे ठेवले आहेत. परिच्छेदाची जागाही बदलली आहे. आधी तो शेवटी, मृत्यूच्या ओळीच्या वर होता. आता तो 1965 आणि 1971 यांच्या मध्ये, जेथे घडला तेथेच आहे.