मदत हवी आहे: सोसायटीत माकडांना खायला घालू नये, असा नियम कसा लिहावा?

नमस्कार मंडळी,

आमची सोसायटी झाडीला लागून आहे. माकडांची टोळी इथे पूर्वीपासून येते, पण कुंपणापलीकडच्या झाडांवर थोडा वेळ थांबून पुढे निघून जायची. काही रहिवासी गॅलरीतून फळं, बिस्किटं देऊ लागले आणि तिचा मुक्कामच इथे पडला. आता कुणाच्या हातात पिशवी दिसली की माकडं थेट अंगावर येतात. नुकतंच एका लहान मुलाच्या हातातला डबा ओढताना त्याला ओरखडे पडले. त्याला रेबीजची लस सुरू आहे.

नियमाचा मसुदा लिहायचं काम कमिटीने माझ्याकडे दिलंय. बैठकीत काहींनी थेट दंडाची मागणी केली. रोज खायला घालणाऱ्या एक आजी मात्र रडवेल्या झाल्या, "मुक्या जिवांना उपाशी मारायचं का?" म्हणाल्या. त्यांची माया खरी आहे. त्यांना गुन्हेगार ठरवणारा कागद माझ्या हातून लिहिला जाऊ नये असं फार वाटतं, आणि त्या मुलाच्या आईलाही मला तोंड द्यायचं आहे.

इतर शहरांतले नियम वाचले. सिंगापूरमध्ये २०२० पासून वन्यप्राण्यांना खायला घालणं गुन्हा आहे, पहिल्या वेळी ५,००० सिंगापूर डॉलरपर्यंत दंड. हाँगकाँगमध्ये माकडांच्या वस्तीच्या भागात १९९९ पासूनच बंदी होती. ऑगस्ट २०२४ मध्ये शिक्षा वाढवून १,००,००० हाँगकाँग डॉलर दंड आणि एक वर्ष कैदेपर्यंत नेली, शिवाय कबुतरांनाही त्याच नियमात आणलं. पण त्यांच्याकडे अंमलबजावणीला सरकारी माणसं आहेत. आमच्याकडे फाटकावरचे रखवालदार आणि एक पाटी.

एकदम बंद केलं तर माकडं जास्त चवताळतील का? की हळूहळू कमी करत न्यावं? दंड ठेवावा का? आणि आजींशी कसं बोलू? ज्यांनी हे प्रत्यक्ष निभावलंय त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद: रानवाट

हळूहळू अजिबात नको. आज मिळालं, उद्या नाही, परवा पुन्हा मिळालं, अशा वेळी प्राणी जास्त चिकाटीने येत राहतो, कारण आशा सुटत नाही. सगळ्या घरांनी एकाच दिवशी बंद करा. सुरुवातीला त्रास वाढेल, हे रहिवाशांना आधीच सांगून ठेवा. नाहीतर त्याच दिवसांत कुणीतरी घाबरून केळं फेकेल आणि सगळं मुसळ केरात.

कचरा हा मूळ मुद्दा आहे, तो तुमच्या लिहिण्यात दिसत नाही. उघडा कचराडबा म्हणजेही खायला घालणंच. घट्ट झाकणाचे, कडी लागणारे डबे बसवल्याशिवाय पाटी लावू नका. नियमातही 'देणे' एवढंच न लिहिता 'देणे किंवा उघड्यावर ठेवणे' असं लिहा. नाहीतर "मी दिलं नाही, कठड्यावर ठेवलं होतं" हे उत्तर ठरलेलं.

पकडून दुसरीकडे सोडण्याचा विषय निघेलच. तो सोसायटीने परस्पर करू नये, वनखात्याशी बोलावं. अन्न तसंच राहिलं तर रिकाम्या जागी दुसरी टोळी येते.

प्रतिसाद: सावली

आजींना सर्वांसमोर काही सांगू नका, घरी जाऊन बसा. माकडं त्यांच्या खाण्यावर जगत नाहीत. झाडीतला पाला, फळं, बिया, किडे हेच त्यांचं खरं अन्न. आयतं मिळालं की एका जागी गर्दी होते, पिल्लं वाढतात, टोळीतली भांडणं वाढतात. माणसावर हल्ला झाला की पकडलं जातं ते माकड. आजींची माया ज्या माकडांवर आहे त्यांनाच धोका होतोय, हे त्यांना कळेल असं मला मनापासून वाटतं. शक्य असेल तर कुंपणालगत रानातली फळझाडं जगवायचं काम त्यांच्याकडे द्या, इमारतीपासून दूर.

दंड ठेवा, पण आधी तोंडी सूचना, मग लेखी, मग दंड. नावं फलकावर लावू नका.

पाटीवर हेही लिहा: माकडाच्या डोळ्यांत रोखून पाहू नये, हातातली पिशवी ओढाताणीत धरून ठेवू नये, चावा किंवा ओरखडा झाल्यास साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुऊन लगेच डॉक्टर गाठावा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. मसुद्यात आता 'देणे किंवा उघड्यावर ठेवणे' घेतलंय आणि कचराडब्यांचं कलम सगळ्यात वर नेलंय. आजींकडे रविवारी जाणार आहे. एक शंका उरली: बऱ्याच गॅलऱ्यांत पक्ष्यांसाठी धान्याची ताटली असते आणि माकडं तीही साफ करतात. पाण्याचं भांडं ठेवू द्यावं आणि धान्य बंद करावं, असं माझं मत होतंय. कुणी असा फरक नियमात केला असेल तर त्याचे शब्द इथे द्याल का?